बाळंतिणीचे दूध आणि चिनी सुई



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची कल्पना अशी असावी की, आम्ही बोनस, महागाईभत्ता किंवा नव्या कामगार संहिता ह्यांवर बोलू. आम्ही विषय कळविला तो बाळंतिणीच्या दुधाचा आणि चिनी सुईचा. त्यावर थोडा हशा झाला असे आमच्या कानांवर आले. त्यात वावगे काही नाही. माग चालवून पुढे संघटनेच्या कामाला लागलेल्या माणसाने ह्या विषयात का शिरावे, हा प्रश्न रास्तच आहे. आम्ही डॉक्टर नाही, वैद्य नाही. आमचे शाळेचे शिक्षण अर्धवट राहिले. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकींत.

परंतु हा विषय आम्ही शोधीत गेलो नाही, तो आमच्या कचेरीत चालत आला. शिलाईच्या कारखान्यातल्या, यंत्रमागावरच्या, विड्या वळणाऱ्या बायका आमच्याकडे पगाराच्या तक्रारी घेऊन येतात. बोलता बोलता त्यांतली एखादी हळूच विचारते, "दादा, सुया टोचून दूध येतं म्हणतात, ते खरं का? बारा वेळा या म्हणतात. पैसे भरू का नको?" अशा बाईला 'आम्हांला ठाऊक नाही' असे सांगून वाटेला लावणे आमच्याने झाले नाही. म्हणून आम्ही वाचले, जाणत्या डॉक्टरांना विचारले, आणि जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहो.

सोलापुरात ह्या विषयाला एक निराळाच जिव्हाळा आहे. चिनी वैद्यक म्हटले की आपल्याला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९१० साली ते ह्याच शहरात जन्मले; १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच वारले. त्यांच्या नावावर सुईचे उपचार खपविणारे लोक आम्ही पाहिले आहेत. म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे की, कोटणीस हे शस्त्रवैद्य होते. युद्धात जखमी झालेल्यांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. सुईचा उपचार हिंदुस्थानात आणला तो त्यांनी नव्हे. ते काम त्यांच्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी केले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकून आले आणि कलकत्त्यात त्यांनी ती सुरू केली. पुढे लुधियान्यात कोटणीसांच्या नावाने ह्या उपचारांचे रुग्णालयही निघाले. आज ह्या पद्धतीला भारत सरकारची मान्यता आहे आणि महाराष्ट्रात तिच्यासाठी स्वतंत्र कायदाही आहे. तेव्हा ही केवळ भोंदूगिरी आहे असे म्हणून तिला उडवून लावता येणार नाही. पण सरकारने मान्यता दिली म्हणजे प्रत्येक दुखण्यावर गुण सिद्ध झाला, असाही अर्थ कोणी काढू नये.

आता ही चिनी विद्या काय म्हणते ते पाहू. तिचे म्हणणे असे की, शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती ठराविक वाटांनी फिरते, आणि आईचे दूध हे ह्या शक्तीपासून व रक्तापासून तयार होते. दूध कमी पडण्याची कारणे ती मुख्यतः दोन मानते. एक, बाळंतपणात रक्त व शक्ती खर्ची पडल्याने आलेला अशक्तपणा. ह्यात स्तन मऊ राहतात, भरून येत नाहीत. दुसरे, चिंता, राग, कुढणे ह्यांमुळे वाट तुंबणे. ह्यात स्तन ताठतात, ठणकतात, पण दूध उतरत नाही. उपचाराच्या जागाही ठरलेल्या आहेत. करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याशी एक जागा आहे, तिला शाओझे म्हणतात. दोन्ही स्तनांच्या मधोमध छातीच्या हाडावर एक, स्तनाच्या खालच्या बाजूला एक, आणि गुडघ्याच्या खाली एक. केसासारख्या बारीक सुया ह्या जागी टोचून वीस मिनिटे ते अर्धा तास ठेवतात.

'ची' आणि तिच्या वाटा शरीर उघडून पाहिले तर सापडत नाहीत. परंतु हे दोन भेद करणाऱ्या माणसाने बाळंतिणी नीट पाहिल्या होत्या, एवढे मान्य करावे लागते. आमच्या आज्याही हेच म्हणत. अशक्त बाळंतिणीला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी. आणि घरात सर्वांना ताकीद, की तिला बोलू नका, तिचे दूध आटेल.

आजचे शास्त्र ह्याच गोष्टी निराळ्या शब्दांत सांगते. दूध तयार करणारे एक संप्रेरक असते, प्रोलॅक्टिन. आणि तयार झालेले दूध बाहेर ढकलणारे दुसरे, ऑक्सिटोसिन. मूल अंगावर ओढू लागले की मेंदूला निरोप जातो आणि दोन्ही सुटतात. पान्हा फुटतो म्हणतात तो ह्या दुसऱ्याच्या जोरावर. मुलाचे रडणे नुसते कानांवर पडले तरी तो फुटतो. आणि दुखणे, भीती, लाज, काळजी ह्यांनी तो अडतो. दुसरा नियम ह्याहून महत्त्वाचा. स्तन जितका रिकामा होईल तितके पुढचे दूध बनते. भरून तसाच राहिला, तर शरीर समजते की गिऱ्हाईक नाही, आणि उत्पादन कमी करते. आम्हां मागवाल्यांना हे समजायला अवघड नाही. माल उठला नाही की माग थांबतो.

म्हणूनच नवजात मुलाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे लागते. जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घ्यावे, पहिला चीक टाकून देऊ नये, पहिले सहा महिने दुसरे काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे व त्याहून अधिक काळ पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि पुष्कळदा दूध कमी नसतेच. मूल रडते म्हणून घरातले म्हणतात की पुरत नाही. खरी खूण निराळी. पहिल्या चारपाच दिवसांनंतर मूल दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल, आणि दोन आठवड्यांच्या सुमारास जन्मवेळेच्या वजनावर येऊन पुढे वाढत असेल, तर त्याला दूध पुरते आहे. हे न पाहता 'दूध कमी' असा शिक्का मारला, की पाठोपाठ डबा येतो. डबा आला की मूल कमी ओढते. कमी ओढले की दूध खरोखरच कमी होते. मग सुईवाला आठवतो.

तर मग सुईने गुण येतो का? जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात, सुईचा गुण दिसला आहे पण आणखी पुरावा हवा, अशा दुखण्यांची एक यादी होती. तिच्यात 'दूध कमी येणे' हे होते. पुढे त्या अहवालावर पुष्कळ टीका झाली, हेही सांगितले पाहिजे. स्वीडनमध्ये हेलसिंगबोर्ग येथे स्तनांना सूज व ठणका असलेल्या २०५ मातांवर प्रयोग झाला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना सुया टोचल्या त्यांचा त्रास तिसऱ्या-चौथ्या दिवशी इतरांपेक्षा कमी होता. मात्र पूर्ण बरे होण्यास लागलेल्या दिवसांत फारसा फरक पडला नाही. इटलीत मोडेना येथील प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. तेथे आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे सुया दिल्या. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा, सुया घेतलेल्यांपैकी अधिक माता केवळ अंगावर पाजीत होत्या. प्रयोग लहान होता. तो करणाऱ्यांनीच त्याला प्राथमिक म्हटले आहे. चीनमध्येही असे प्रयोग पुष्कळ झाले आहेत आणि बहुतेकांत गुण आल्याचे लिहिले आहे. स्तन दाटून ठणकण्यावरच्या सर्व उपायांचा, म्हणजे कोबीची थंड पाने, शेक, मालीश, सुया ह्या सर्वांचा, एक मोठा आढावा २०२० साली निघाला. त्यात २१ अभ्यास व २,१७० स्त्रिया होत्या. निष्कर्ष असा की, काही उपाय आशादायक दिसतात, पण कोणत्याही एकाची खात्रीने शिफारस करावी इतका पुरावा नाही.

आपण म्हणाल, हे ना धड हो, ना धड नाही. ह्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गोळीची परीक्षा घ्यायची तर निम्म्यांना औषधाची गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची गोळी देता येते. कोणाला काय मिळाले हे घेणाऱ्यालाही कळत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. सुईचे तसे करणे कठीण. टोचणाऱ्याला तर ठाऊक असतेच. शिवाय उपचार म्हणजे केवळ सुई नव्हे. बाळंतीण घराबाहेर पडते, शांत खोलीत अर्धा तास पडून राहते. कोणीतरी तिला विचारते, झोप लागते का, जेवतेस का, दुखते कोठे. त्या अर्ध्या तासात तिला कोणी हाक मारीत नाही, भाकरी टाकायला सांगत नाही. आता तिचा पान्हा मोकळा झाला, तर तो सुईने झाला की अर्ध्या तासाच्या विसाव्याने झाला? हे वेगळे करून दाखविणारे प्रयोग फार थोडे आहेत.

आणि येथे, मंडळी, आमचा मूळचा धंदा आणि आजचा विषय एकत्र येतात. कारण ह्याच अर्ध्या तासासाठी कामगार चळवळ शंभराहून अधिक वर्षे भांडत आली आहे.

मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका एके काळी तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी चारून कामावर जात. मूल झोपून राही, आईचे दूध चोळीत जिरे. सरकारी तपासणी करणाऱ्यांनी १९२० च्या दशकात हे लिहून ठेवले आहे. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्याच परिषदेत बाळंतपणाविषयी करार झाला, आणि त्यात पाजणाऱ्या आईला कामाच्या वेळात रोज दोनदा अर्धा अर्धा तास मिळावा असे घातले गेले. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतीच्या लाभाचे विधेयक आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ साली त्याचा कायदा झाला. स्वतंत्र भारतात १९६१ चा कायदा आला, बारा आठवड्यांच्या पगारी रजेचा. २०१७ साली पहिल्या दोन मुलांपुरती ती सव्वीस आठवडे झाली, आणि पन्नास किंवा अधिक माणसे असतील तेथे पाळणाघर सक्तीचे झाले; आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा मिळाली. आता ही कलमे सामाजिक सुरक्षा संहितेत गेली आहेत. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी, हा हक्क तिच्यातही आहे.

हे सारे कागदावर आहे. प्रत्यक्षात काय आहे ते आम्ही पाहतो. पन्नासाची अट म्हणून कोठे हजेरीपट एकोणपन्नासावर थांबतो. मागील वर्षात ऐंशी दिवस भरले पाहिजेत, म्हणून ते भरण्यापूर्वीच बाईला थांबविले जाते. जेथे कामगार विमा योजना लागू नाही, तेथे रजेचा पगार मालकाच्या खिशातून जातो. म्हणून नवीन लग्न झालेली मुलगी कामाला घेण्यासच काही जण नाखूश असतात. आणि जी घरी बसून हजारावर मजुरी घेऊन विड्या वळते, तिला सुट्टी कोणी द्यायची? ती पाजायला बसली की वळणे थांबते, आणि वळणे थांबले की पैसे थांबतात. तिची सुट्टी तिच्याच मजुरीतून कापली जाते.

एका शिलाईच्या कारखान्यातली एक मुलगी आम्हांला ठाऊक आहे. बाळंतपणानंतर तीन महिन्यांत ती कामावर परतली, कारण जागा जाण्याची भीती होती. दुपारी दूध दाटून येई. तेव्हा ती संडासात जाऊन ते पिळून टाकी. मुकादम बाहेरून दार वाजवी. काही दिवसांनी स्तनात गाठ झाली, ताप भरला, आणि दूध ओसरू लागले. कोणीतरी सुईचा उपचार सुचविला. तिने उसने पैसे काढून सहा वेळा सुया घेतल्या. ठणका कमी झाला, असे ती स्वतः सांगते, आणि तिच्या शब्दावर अविश्वास दाखविण्याचे आम्हांला कारण नाही. पण दूध वाढले नाही. वाढणार कसे? सुया आठवड्यातून दोनदा, आणि मुकादम आठवड्यातून सहा दिवस. आम्ही मालकाशी बोललो. दोन बैठका झाल्या. शेवटी कापडाचे तागे ठेवण्याच्या खोलीचा एक कोपरा पडदा लावून मोकळा झाला आणि दोन सुट्ट्या मिळाल्या. त्या मुलीला त्याचा उपयोग झाला नाही. तिचे मूल तोपर्यंत बाटलीवर गेले होते. पुढच्या वर्षी बाळंत होऊन आलेल्या दोघींना मात्र झाला.

तेव्हा सुई घ्यावी की नाही, ह्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. घेण्यास हरकत नाही, पण तिला तिच्या जागी ठेवावी. आधी मूल नीट तोंड लावते आहे का, हे जाणत्या परिचारिकेकडून किंवा डॉक्टरकडून पाहून घ्यावे. पुष्कळ वेळा एवढ्यानेच काम भागते. मुलाचे वजन घटत असेल, ते सुस्त पडत असेल, लघवी कमी होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. सुयांच्या पाळ्या पुऱ्या होण्याची वाट पाहू नये. आईला ताप भरला आणि स्तन लाल होऊन दुखू लागला, तरी तेच. अशा वेळी पाजणे बंद करू नये. साचलेले दूध निघत राहिले पाहिजे. दूध न येण्यामागे कधी पंडुरोग, कधी थायरॉइडचा विकार, कधी वार गर्भाशयात अडकून राहिलेली असते. ह्यांवर सुई हा उपाय नव्हे.

ज्याच्याकडे जायचे त्याची नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारावे. सुई नवी, पाकीटबंद आणि एकदाच वापरायची असावी. पाकीट आपल्यादेखत फोडले पाहिजे. जुन्या सुईने कावीळ आणि त्याहून भयंकर रोग घरात येतात. छातीवर आणि खांद्यावर सुई खोल जाता कामा नये. अडाणी हाताने फुप्फुसाला भोक पडल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. बारा पाळ्यांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला दोन पाळ्यांचे देऊन पाहावे. तो रागावला तर त्यातच आपल्याला उत्तर मिळते. 'दूध येईलच' अशी हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. तशी हमी कोणताही शहाणा वैद्य देत नाही. आणि दुधाच्या डब्याची शिफारस घेऊन येणाऱ्यापासूनही दूर राहावे. दोन वर्षांखालील मुलांच्या अशा अन्नाची जाहिरात करणे १९९२ च्या कायद्याने व त्याच्या २००३ च्या दुरुस्तीने गुन्हा ठरविले आहे. एखादीला डबा द्यावाच लागला, तर तिला अपराधी ठरवू नये. तिने काय सोसले हे आपल्याला ठाऊक नसते.

कामावर जाणाऱ्या बाईने दूध काढून ठेवले तर ते पंचवीस अंशांच्या आतल्या हवेत चारएक तास टिकते. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा हिशेब चालत नाही. थंड पेटी हवी. पाळणाघरात एक छोटी शीतपेटी ठेवण्याचा खर्च किती, हे समोर बसलेल्या कारखानदारांनी घरी जाऊन जरूर मांडून पाहावे.

सासूबाईंना आणि नवऱ्यांना आमची एक विनंती आहे. सुईच्या खोलीत जो अर्धा तास मिळतो, तो तुम्हांला फुकट देता येतो. पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी ठेवा, मोठे मूल थोडा वेळ बाहेर न्या, आणि 'तुझं दूध पुरत नाही' हे वाक्य वजनकाटा पाहिल्याशिवाय उच्चारू नका. हे करूनही कोणाला सुई घ्यावीशी वाटली, तर तिने अवश्य घ्यावी.

आमच्या संघटनेतल्या बांधवांनाही थोडे सांगायचे आहे. मागण्यांच्या यादीत पाजण्याची सुट्टी आणि पाळणाघर आपण शेवटी लिहितो, आणि तडजोडीच्या वेळी तेच कलम पहिल्याने सोडून देतो. यंदाच्या यादीत ते वरच्या तिघांत असावे, असा ठराव आम्ही येत्या सभेपुढे ठेवणार आहो. त्या सभेला बायका मोठ्या संख्येने याव्यात, आणि मुलांना घेऊनच याव्यात. सभेत मूल रडले तर आम्ही भाषण थांबवू.